अंग धरण्याच्या वयात

लग्नाच्या पंगतीत, बारशाला, गणपतीच्या आरतीनंतर, जिथे म्हणून चार नातेवाईक जमतात तिथे चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला एक प्रश्न हमखास येतो : "काय रे, आई जेवायला घालते की नाही?" विचारणारा मामा असतो किंवा शेजारचे काका असतात. त्यांच्या मनात वाईट काही नसतं. आई घाईघाईनं सांगते, "खातो हो भरपूर, पण अंगालाच लागत नाही." मुलगा हसतो आणि विषय संपतो. मोठ्यांच्या दृष्टीनं संपतो. मुलगा मात्र रात्री मोरीची कडी लावून आरशासमोर उभा राहतो, मूठ आवळून दंडाची बेटकुळी काढून पाहतो, श्वास भरून छाती फुगवून पाहतो, मग बाजूनं वळून पुन्हा पाहतो. दुसऱ्या दिवशी शाळेत जाताना शर्टाच्या आत आणखी एक टी-शर्ट घालतो. भर उन्हाळ्यातही.

आरशासमोरच्या त्या पाच मिनिटांत काय घडतं आणि त्यानंतर मुलगा स्वतःच्या शरीराचं काय करायला जातो, याचा शोध घेणारं एक अभ्यासक्षेत्र गेल्या चाळीसेक वर्षांत उभं राहिलं आहे. मानसशास्त्र, वैद्यक, समाजशास्त्र, मानववंशशास्त्र अशा अनेक वाटा तिथे येऊन मिळतात. मराठी विद्यार्थ्याला, शिक्षकाला, बालरोगतज्ज्ञाला, व्यायामशाळा चालवणाऱ्याला आणि आईवडिलांनाही या क्षेत्रात पाऊल टाकावंसं वाटावं, म्हणून ही प्रस्तावना लिहिली आहे. आधीची तयारी काहीही लागत नाही. आपण स्वतः कधीतरी तेरा-चौदा वर्षांचे होतो, एवढं आठवलं तरी पुरे.

'शरीरप्रतिमा' म्हणजे आपल्या शरीराचं आपल्या मनात असलेलं चित्र. व्हिएन्नात शिकलेले मनोविकारतज्ज्ञ पॉल शिल्डर यांनी १९३५ साली या चित्रावर एक मोठा ग्रंथ लिहिला, तेव्हापासून ही कल्पना शास्त्रात रुळली. पुढे जे संशोधन वाढलं ते मुख्यतः स्त्रियांवर झालं आणि ते योग्यच होतं. बारीक होण्याच्या ध्यासापायी उपाशी राहणाऱ्या मुली दवाखान्यांत येत होत्या, काही दगावत होत्या. १९८०च्या दशकात अमेरिकेतल्या ज्युडिथ रोडिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असं मांडलं की स्वतःच्या वजनाबद्दल नाराज असणं हीच आता स्त्रियांची नेहमीची अवस्था झाली आहे. मुलग्यांचं काय, हा प्रश्न विचारला जात नव्हता असंही नाही. तो विचारला गेला, आणि उत्तर आलं की मुलगे मजेत आहेत. हे उत्तर कसं आलं ते नीट पाहण्यासारखं आहे. या क्षेत्रात येणाऱ्यानं पहिला धडा तिथेच घ्यावा.

१९८५ साली एप्रिल फॅलन आणि पॉल रोझिन यांनी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना माणसांच्या आकृत्यांची एक रांग दाखवली. अगदी कृश आकृतीपासून अगदी लठ्ठ आकृतीपर्यंत. तुम्ही आत्ता कुठे आहात आणि तुम्हाला कुठे असायला आवडेल, ते दाखवा. मुलींच्या दोन खुणांमध्ये स्पष्ट अंतर पडलं. त्यांना आहे त्यापेक्षा बारीक व्हायचं होतं. मुलग्यांच्या दोन्ही खुणा सरासरीनं जवळपास एकाच जागी पडल्या. म्हणजे मुलगे समाधानी, असा अर्थ लागला. तीन वर्षांनी लिसा सिल्बरस्टीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाच प्रश्न सरासरी बाजूला ठेवून पाहिला, तेव्हा चित्र पार बदललं. नाराज पुरुष भरपूर होते. मात्र काहींना बारीक व्हायचं होतं आणि जवळपास तितक्यांनाच अंगानं भरायचं होतं. एकाला पाच किलो वजन उतरवायचं आहे आणि दुसऱ्याला पाच किलो वाढवायचं आहे. दोघांची बेरीज केली की शून्य येतं आणि कागदावर दोघंही सुखी दिसतात. हिशेब बरोबर होता, माणसं मात्र त्यात हरवली होती.

दुसरी चूक प्रश्नावल्यांमध्ये होती. त्या बारीक होण्याची इच्छा मोजायला तयार केलेल्या होत्या. मुलाला विचारायचं, 'तुला जाड होण्याची भीती वाटते का?' तो प्रामाणिकपणे 'नाही' म्हणायचा. ज्याला आपण काडीपैलवान आहोत याची लाज वाटते, त्याला ही भीती कुठून वाटणार? कॅनडातले डॉन मॅक्रिअरी आणि डोरिस सॅस यांनी २००० साली पंधरा विधानांची एक नवी मोजपट्टी प्रसिद्ध केली. तिचा रोख स्नायूंवर होता. आपण आणखी पिळदार असतो तर बरं झालं असतं असं वाटतं का, त्यासाठी काही खातोस का, व्यायाम चुकला तर अपराधी वाटतं का, अशा धर्तीची ती विधानं होती. शाळकरी मुलामुलींना ती दिल्यावर मुलग्यांचे आकडे मुलींपेक्षा ठळकपणे वर गेले. मुलगे तेच होते, प्रश्न बदलला होता.

हार्वर्डशी संलग्न मॅक्लीन रुग्णालयातले हॅरिसन पोप हे या क्षेत्रातलं सगळ्यांत परिचित नाव. १९९३ साली त्यांनी आणि सहकाऱ्यांनी १०८ शरीरसौष्ठवपटूंचा अभ्यास केला. त्यांत नऊ जण असे निघाले की धिप्पाड असूनही आपण किडकिडीत आहोत अशी त्यांची पक्की समजूत होती. ते सैल कपडे घालत, लोकांत जाणं टाळत. उपासमार करणाऱ्या मुलीला आरशात लठ्ठ बाई दिसते, तसंच हे, पण उलट्या दिशेनं. आधी त्याला उलट्या अ‍ॅनोरेक्सियाचं नाव मिळालं, १९९७ मध्ये 'मसल डिस्मॉर्फिया' असं नवं नाव देण्यात आलं आणि २०१३ साली अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेच्या पाचव्या आवृत्तीत देहविकृतिभ्रमाचा (आपल्या शरीरात खोट आहे या ध्यासाचा) एक प्रकार म्हणून त्याची नोंद झाली. पोप, कॅथरीन फिलिप्स आणि रॉबर्टो ऑलिव्हार्डिया यांचं 'द अ‍ॅडोनिस कॉम्प्लेक्स' हे २००० सालचं पुस्तक सामान्य वाचकांनीही वाचलं.

पोप यांचा खेळण्यांवरचा लेख मी प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला आधी वाचायला सांगेन. जी. आय. जो हा अमेरिकन मुलांचा सैनिक बाहुला. १९६४ पासूनच्या त्याच्या आवृत्त्या त्यांनी फीत घेऊन मोजल्या आणि तो खऱ्या माणसाएवढा उंच असता तर दंड किती भरला असता याचं गणित केलं. पहिल्या बाहुल्याचा दंड सुमारे १२ इंच निघाला, साध्या तंदुरुस्त तरुणाचा असतो तेवढा. १९९०च्या दशकातल्या आवृत्तीचा दंड सुमारे २७ इंच! बड्या शरीरसौष्ठवपटूंच्या दंडापेक्षाही तो मोठा आहे. चार वर्षांचा मुलगा हातात घेऊन खेळतो ती ही वस्तू. आणखी एका अभ्यासात ऑस्ट्रिया, फ्रान्स आणि अमेरिकेतल्या तरुणांनी आपलं आदर्श शरीर म्हणून जे चित्र निवडलं, त्यात त्यांच्या स्वतःच्या शरीरापेक्षा सरासरी १३ किलो जास्त स्नायू होते. स्त्रियांना असंच शरीर आवडतं अशी त्यांची खात्री होती. स्त्रियांना विचारलं तेव्हा त्यांनी साध्या शरीराचा पुरुष निवडला.

तैवानमध्ये हाच प्रयोग २००५ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा तिथल्या तरुणांमध्ये ही दरी पुष्कळ लहान निघाली. चिनी परंपरेत पुरुषत्वाची दोन रूपं मानतात, एक विद्येचं आणि एक शौर्याचं, आणि विद्येचा मान कमी नसतो. हे त्यामागचं एक कारण असावं, असं संशोधकांना वाटलं. म्हणजे या नाराजीचा काही भाग तरी समाजाकडून येतो. शरीरासोबत ती जन्माला येत नाही. ऑस्ट्रेलियातल्या मरिटा मॅककेब आणि लीना रिचार्डेली यांनी हा धागा किशोरांपर्यंत नेला. आईवडील काय बोलतात, मित्र काय बोलतात, माध्यमं काय दाखवतात, हे त्यांनी सुटं करून विचारलं. वजन उतरवण्याची धडपड, वजन वाढवण्याची धडपड आणि स्नायू वाढवण्याची धडपड या तीन वेगळ्या गोष्टी म्हणून मोजल्या. पुढे त्यांनी फिजी आणि टोंगा बेटांवरच्या मुलांबरोबरही काम केलं, जिथे भारदस्त शरीराला परंपरेनं मान आहे. मला त्यांचं काम पोप यांच्याइतकंच मोलाचं वाटतं. पोप आपल्याला टोकाची माणसं दाखवतात. या दोघी वर्गातली मधल्या बाकावरची मुलं दाखवतात.

आता या वयाबद्दल. इंग्लंडमधले बालरोगतज्ज्ञ जेम्स टॅनर यांनी वयात येण्याच्या ज्या पायऱ्या आखून दिल्या, त्या अजून जगभर वापरात आहेत. मुलग्यांत या बदलांची सुरुवात नऊ ते चौदा वर्षांच्या दरम्यान कधीही होऊ शकते, आणि हा पाच वर्षांचा पल्ला पूर्णपणे स्वाभाविक आहे. त्यामुळे आठवीच्या एकाच वर्गात एकाला मिसरूड फुटलेलं असतं, आवाज घोगरा झालेला असतो, आणि त्याच्याच बाकावर बसलेला दुसरा पाचवीतला वाटतो. दोघांचं वय सारखं, दोघांची तब्येत उत्तम. उंचीचा सर्वांत मोठा झपाटा साधारण चौदाव्या वर्षी येतो. त्या वर्षात मुलगा ९ ते १० सेंटिमीटर वाढू शकतो. स्नायूंची भर त्यानंतर येते. आधी मुलगा बांबूसारखा उंच होतो, हातपाय लांबतात, विजार घोट्याच्या वर जाते, आणि मग सावकाश अंग धरतो. मधला जो काळ आहे तो मुलाला अपयशासारखा वाटतो, कारण हा क्रम त्याला कुणी सांगितलेलाच नसतो. जीवशास्त्राच्या पुस्तकात प्रजननसंस्थेची आकृती असते. 'तू आधी उंच होशील आणि मग भरशील, दोन-तीन वर्षं थांब' हे वाक्य नसतं.

मुलगी आणि मुलगा यांच्यात इथे एक मोठा फरक आहे. वयात येताना मुलीच्या अंगावर चरबी वाढते आणि आजच्या 'बारीक' आदर्शापासून ती दूर जाते. मुलाचे खांदे रुंदावतात, स्नायू भरतात, म्हणजे तो आदर्शाच्या दिशेनं सरकतो. म्हणून लवकर वयात येणं मुलग्याच्या पथ्यावर पडतं आणि उशिरा वयात येणं जाचक ठरतं. कॅलिफोर्नियातल्या मेरी कव्हर जोन्स आणि नॅन्सी बेली यांनी १९५० सालीच हे नोंदवलं होतं : लवकर वाढलेल्या मुलांकडे बरोबरीची मुलं आदरानं पाहत, खेळात त्यांना पुढारीपण मिळे, उशिरा वाढणारी मुलं लक्ष वेधून घेण्यासाठी धडपडत आणि अस्वस्थ राहत. आणखी एक गोष्ट घराघरांत घडते आणि कुणी बोलत नाही. वयात येताना जवळपास निम्म्या मुलग्यांची छाती काही काळ थोडी फुगते, स्तनाग्रामागे दुखरी गाठ लागते. संप्रेरकांच्या चढउताराचा तो परिणाम असतो आणि बहुतेकांमध्ये सहा महिने ते दोन वर्षांत आपोआप ओसरतो. ज्या मुलाला हे माहीत नाही तो पोहायला जाणं सोडतो, पीटीच्या तासाला पोट दुखतं म्हणून सांगतो, पोक काढून चालायला लागतो. त्याला त्याबद्दल मिळणारी टोपणनावं इथे लिहवत नाहीत.

मग मुलगा काहीतरी करायला लागतो. त्याचे सुरुवातीचे उपाय निरुपद्रवी असतात, कित्येकदा चांगलेही : जोर-बैठका, धावणं, दुधाचा एक पेला जास्त. पुढे जिम लागते आणि प्रोटीनच्या पावडरचा डबा घरी येतो. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात मार्ला आयझेनबर्ग आणि सहकाऱ्यांनी शाळकरी मुलामुलींना विचारलं, तेव्हा सुमारे एक-तृतीयांश मुलग्यांनी प्रोटीन पावडर किंवा पेय घेतल्याचं सांगितलं. पाहणीतल्या मुलामुलींचं सरासरी वय साडेचौदाच्याही आत होतं. आपल्याकडे हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४च्या आहारविषयक मार्गदर्शिकेत, शरीर भरण्यासाठी अशा पावडरी घेऊ नयेत असं स्पष्ट सांगितलं आहे. त्याच वर्षी केरळमधल्या डॉक्टरांच्या पुढाकारानं बाजारातली ३६ उत्पादनं तपासली गेली आणि त्यांतल्या बहुसंख्य डब्यांवर लिहिलेलं प्रथिनांचं प्रमाण चुकीचं निघालं. प्रौढ माणसाला दिवसाला वजनाच्या दर किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिनं पुरतात. पन्नास किलो वजनाला सुमारे चाळीस-बेचाळीस ग्रॅम. किशोराची आणि कसून व्यायाम करणाऱ्याची गरज काहीशी जास्त धरली तरी ती डाळ, उसळ, शेंगदाणे, दूध, अंडी यांतून भागते, जर हे सगळं ताटात असेल तर.

स्टेरॉईडची गोष्ट वेगळी आणि गंभीर आहे. टेस्टोस्टेरॉन प्रयोगशाळेत पहिल्यांदा बनलं १९३५ साली. त्याच्या जातीची औषधं बाहेरून घेतली की शरीर स्वतःचं उत्पादन थांबवतं. वृषणं आकसतात, रक्तातलं कोलेस्टेरॉल बिघडतं, हृदयावर ताण येतो. किशोरवयात तर हाडांच्या टोकांशी असलेल्या वाढीच्या पट्ट्या वेळेआधी बंद होतात आणि उंची कायमची खुंटते. हे सगळं खरं असलं तरी नुसतं हे सांगून मुलं थांबत नाहीत. अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात लिन गोल्डबर्ग आणि डायन एलियट यांनी हे तपासून पाहिलं आहे. फक्त भीती घालणारं व्याख्यान दिलेल्या मुलांना धोके पटलेच नाहीत. जिथे स्टेरॉईडमुळे स्नायू वाढतात हेही प्रामाणिकपणे कबूल केलं गेलं, तिथे मुलांनी धोक्यांवरही विश्वास ठेवला. त्यातून त्यांनी 'अ‍ॅटलास' नावाचा कार्यक्रम आखला आणि पोर्टलंड परिसरातल्या ३१ शाळांच्या फुटबॉल संघांत तो करून पाहिला. त्यात संघातलीच मुलं शिकवायची, काय खावं ते शिकायची, वजनं योग्य रीतीनं कशी उचलावीत याचा सराव करायची. १९९६ साली आलेल्या निष्कर्षांत अशा मुलांमध्ये स्टेरॉईड घेण्याचा इरादा कमी झालेला दिसला. मुलाच्या मनातली इच्छा खोटी ठरवायची नाही, तिला सुरक्षित वाट द्यायची. माझ्या मते या क्षेत्रानं आजवर दिलेलं सर्वांत उपयोगी ज्ञान हेच आहे.

महाराष्ट्रात या विषयाला जुना इतिहास आहे आणि पाश्चात्त्य पुस्तकांत तो सापडणार नाही. आपण 'बॉडी बनवणं' आज म्हणतो. आपला जुना शब्द आहे 'शरीर कमावणं'. कमावणं म्हणजे कष्टानं मिळवणं, आणि मिळवलेलं राखणं. गावोगावच्या मारुतीच्या देवळाशेजारी तालीम असे, तिथे वस्ताद असे, मातीचा हौद असे. त्या मातीत शरीराची परीक्षा समोरचा जोडीदार घेई. आजच्या जिममध्ये ती चारही भिंतींवरचे आरसे घेतात. पैलवानाचं पोट आत गेलेलं असावं अशी कुणाची अपेक्षा नव्हती. त्याच्या पाठीला माती लागू नये, एवढीच होती. मानववंशशास्त्रज्ञ जोसेफ ऑल्टर यांनी बनारसच्या आखाड्यांत राहून १९९२ साली 'द रेसलर्स बॉडी' हे पुस्तक लिहिलं. शरीराकडे पाहण्याची ही वेगळी नजर त्यात फार बारकाईनं उलगडली आहे.

पण तालमीच्या आठवणीनं हळवं होऊन चालणार नाही. बदाम, तूप, दुधाचा खुराक परवडणारी घरं थोडी होती. शिवाय शरीराबद्दलची लाज तेव्हाही होती, ती राष्ट्राच्या नावानं होती. इंग्रज हिंदी माणसाला दुबळा म्हणत आणि सुशिक्षितांना ते झोंबे. युजेन सँडो हा जर्मनीत जन्मलेला बलदंड माणूस १९०४-०५ मध्ये हिंदुस्थानात प्रयोग करत फिरला. आपल्या 'सँडो बनियन'मध्ये त्याचं नाव अजून टिकून आहे. औंधचे संस्थानिक भवानराव पंतप्रतिनिधी तरुणपणी सँडोच्या पद्धतीनं व्यायाम करत, पुढे सूर्यनमस्काराकडे वळले आणि त्यांनी संस्थानातल्या शाळांमध्ये तो सुरू केला. अमरावतीला १९१४ साली वैद्य बंधूंनी स्थापलेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं पथक १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिकं दाखवून आलं. मल्लखांबानं तर हलक्या, लवचीक अंगाच्या मुलालाही त्याच अंगाच्या जोरावर मान मिळवून दिला. एकाच समाजात अनेक प्रकारच्या शरीरांना जागा होती, हे विसरू नये. पुढे सिनेमानं ती जागा आक्रसत नेली. १९९८ मध्ये सलमान खाननं पडद्यावर उघड्या अंगानं गायलेलं गाणं, २००७ मध्ये 'ओम शांती ओम'मधले शाहरुख खानचे सिक्स पॅक, पुढच्या वर्षी 'गजनी'तला आमिर खान. मिशिएल बास यांच्या २०२० सालच्या 'मस्क्युलर इंडिया' या पुस्तकात नव्या जिममधल्या प्रशिक्षकांची गोष्ट आहे. निम्नमध्यमवर्गातून आलेल्या या तरुणांसाठी शरीर हीच वर चढण्याची शिडी आहे.

बास यांचा हा मुद्दा मराठवाड्यातल्या कुठल्याही रस्त्यावर पहाटे पाच वाजता दिसतो. मुलं धावत असतात. ती भरतीची तयारी असते. महाराष्ट्र पोलीस शिपाई भरतीत पुरुष उमेदवाराला उंची १६५ सेंटिमीटर लागते, छाती न फुगवता ७९ सेंटिमीटर, आणि फुगवल्यावर आणखी ५. सोळा वर्षांचा मुलगा दर महिन्याला भिंतीवर पेन्सिलीनं उंची मांडतो, तेव्हा त्याच्या मनात सिनेमातला नट असेलच असं नाही. घरातली पहिली सरकारी नोकरी असेल. एक सेंटिमीटर कमी पडला तर सगळं घर हळहळतं. न्यूयॉर्कमध्ये किंवा मेलबर्नमध्ये तयार झालेल्या प्रश्नावलीत या मुलासाठी रकाना नाही. तसंच, २०१६ ते १८ दरम्यान झालेल्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात १० ते १९ वयाची २४ टक्के मुलंमुली वयाच्या मानानं कृश निघाली. 'मी फार बारीक आहे' असं म्हणणारा मुलगा इथे कित्येकदा खरं बोलत असतो. त्याला समुपदेशनाआधी जेवण लागतं. मनातलं चित्र आणि ताटातलं अन्न, दोन्ही एकाच वेळी विचारात घेणारा सिद्धांत अजून घडायचा आहे.

आणि भाषा. मोजपट्ट्यांचं मराठी भाषांतर करायला बसलं की पहिल्याच ओळीला अडायला होतं. 'तब्येत सुधारली' म्हणजे आपल्याकडे वजन वाढलं. 'हेल्दी' म्हणजे गुटगुटीत, कधीकधी सरळ लठ्ठ. 'तुला तब्येत सुधारावीशी वाटते का?' असं विचारलं तर मुलगा काय समजून उत्तर देईल? पिळदार, दणकट, धिप्पाड, आडदांड, भरलेला, कसलेला, काटक हे सात शब्द सात वेगळ्या शरीरांचे आहेत. 'काटक' मुलगा बारीक असूनही अभिमानानं वावरू शकतो. मला तरी त्याच्यासाठी इंग्रजी मोजपट्टीत जागा सापडलेली नाही. उलट बाजूला हडकुळा, किडकिडीत, सुकडा, काडीपैलवान, पाप्याचं पितर, ढोल्या, जाड्या. यांतला प्रत्येक शब्द कुणीतरी कुणालातरी हसत म्हटलेला असतो.

या क्षेत्रात येणाऱ्याला दोन गोष्टी आधीच सांगायला हव्यात. एक, मुलग्यांचं दुःख मांडताना मुलींचं दुःख कमी लेखायची गरज नाही. हे क्षेत्र स्त्रीवादी संशोधकांनी नांगरलेल्या जमिनीवर उभं आहे. दुसरी, आरशासमोर उभा राहणारा प्रत्येक मुलगा आजारी नसतो. पण ज्याचं शाळा, मित्र, जेवण, झोप सगळं शरीराच्या विचारापुढे मागे पडत चाललं आहे, ज्याला एक दिवस व्यायाम चुकला तर सहन होत नाही, जो गुपचूप इंजेक्शन घेतो, किंवा जगण्यात अर्थ नाही असं बोलतो, त्याला मदत लागते आणि विचारांना वळण देणाऱ्या उपचारपद्धतीनं आणि गरज पडली तर औषधांनी ती मिळू शकते. जिल्हा रुग्णालयांतली किशोरांसाठीची 'मैत्री' केंद्रं आणि टेलिमानस ही १४४१६ क्रमांकाची सरकारी दूरध्वनी सेवा मोफत आहे. शिक्षकांनी हा क्रमांक फळ्यावर लिहून ठेवावा.

संशोधन करू इच्छिणाऱ्या मराठी विद्यार्थ्याला माझी विनंती आहे की पहिले सहा महिने कुठलीही मोजपट्टी हातात घेऊ नका. एका तालुक्यातल्या दोन शाळा, एक तालीम, एक जिम आणि भरतीची एक अकादमी निवडा. तिथली मुलं स्वतःच्या आणि एकमेकांच्या शरीराबद्दल जे शब्द वापरतात ते त्यांच्याच तोंडून, त्यांच्याच बोलीत लिहून घ्या. शब्द कुणी कुणाला, कुठे आणि कधी म्हटला तेही लिहा. मुलाचं नाव मात्र लिहू नका. कोल्हापूर, बीड, गडचिरोली, मालवण, पणजी असे शब्दसंग्रह जमले, तर मराठी मुलांना विचारायचे खरे प्रश्न त्यांतून तयार होतील. ही वही आजच उघडता येईल.